श्वानाच्या आहारातील एकद्रव्यी शुष्क मांस : अष्ट आहारविधिविशेषायतनांच्या आधारे विचार

प्रास्ताविक

तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास विचारले जाणारे प्रश्न केवळ माणसांच्या आरोग्यापुरते मर्यादित राहत नाहीत. आमच्या जामखेड परिसरात हा अनुभव नित्याचा आहे. स्वतःची प्रकृती दाखवून झाली, औषधाच्या पुड्या पिशवीत गेल्या, की रुग्ण उंबऱ्याशी थांबतो आणि म्हशीने चारा का सोडला, शेळी का खंगली, असे विचारून घेतो. अलीकडच्या काही वर्षांत या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे : "डॉक्टरसाहेब, कुत्र्याला वाळलेलं मटण दिलं तर चालंल का?"

या प्रश्नामागे बहुधा एक पाकीट असते. नोकरीनिमित्त पुण्यात असलेला मुलगा सुटीला येताना ते घेऊन येतो. त्यावर लिहिलेले असते की आत कोंबडीच्या मांसाखेरीज दुसरे काहीही नाही. रंग नाही, मीठ नाही, पीठ नाही. पाकीट संपल्यावर घरचे लोक तसाच खाऊ घरी करू पाहतात. 'एकच द्रव्य आहे, भेसळ नाही, म्हणजे निर्धोक आहे', अशी त्यांची समजूत असते आणि वैद्याने तीवर मोहोर उमटवावी, एवढीच अपेक्षा असते.

प्रस्तुत लेखात आम्हांस एकच गोष्ट मांडावयाची आहे. आहाराचे हिताहित ठरविण्यासाठी चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आठ आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. 'एकच द्रव्य' हे विधान यांपैकी फक्त एका आयतनाचे, म्हणजे संयोगाचे, उत्तर देते. उरलेली सात आयतने अनुत्तरितच राहतात, आणि अपाय बहुधा त्या सातांतूनच होतो.

आमची एक चूक

हा विचार आम्हांस ग्रंथ उघडून सुचला असे नाही. तो एका चुकीतून सुचला, म्हणून ती चूक प्रथम नमूद करणे उचित होय.

काही वर्षांपूर्वी वस्तीवरील एका शेतकऱ्याने साडेतीन महिन्यांचे एक कारवानी जातीचे पिल्लू आणले होते. पिल्लू उंच व हाडकुळे होते. ते लवकर भरावे म्हणून काय द्यावे, असे त्याने आम्हांस विचारले. शरीराच्या बृंहणासाठी मांसाहून श्रेष्ठ खाद्य नाही, हे चरकसूत्रस्थानातील वचन आमच्या तोंडी होतेच. आम्ही मांस देण्यास सांगितले. रोज ताजे मांस मिळणे शक्य नव्हते, म्हणून घरच्यांनी मांस व यकृत वाळवून ठेवले आणि भाकरी-दूध बंद करून पिल्लास तेवढेच घातले. दीड महिन्यात पिल्लाचे पुढचे पाय वाकले आणि ते उभे राहण्यास कुरकुरू लागले. पशुवैद्यकांनी पाहताच सांगितले की, हाडे मऊ झाली आहेत. आहारात चुना, म्हणजेच कॅल्शियम, जवळजवळ नाही. आहार बदलल्यावर पिल्लू सावरले, परंतु एक पाय किंचित वाकडा राहिला तो राहिलाच.

वचन खोटे नव्हते. ते ज्याच्यासाठी सांगितले होते, तो उपयोक्ता निराळा होता. मनुष्य मांसाबरोबर भात, भाकरी, दूध, भाजी घेतो असे गृहीत धरून ते सांगितलेले आहे. केवळ मांसावर ठेवलेल्या वाढत्या श्वानास ते आम्ही सरसकट लावले, ही आमची चूक.

ग्रंथांची मर्यादा

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्राचीनांनी प्राण्यांच्या चिकित्सेचा विचार केला नाही असे नाही. गजांसाठी पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद आहे, अश्वांसाठी शालिहोत्रांची परंपरा आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचविलेल्या मानसोल्लासात 'सारमेयविनोद' या नावाने मृगयेच्या श्वानांचे प्रकरण आले आहे. गज आणि अश्व यांच्यासाठी स्वतंत्र शास्त्र रचण्याची गरज ज्या परंपरेस वाटली, त्या परंपरेने एका जातीचा आहारविचार दुसरीस जसाच्या तसा लावता येत नाही हेच मान्य केले आहे. म्हणून चरक-सुश्रुतांच्या मांसवर्गातील गुण उचलून ते श्वानास लावणे हे शास्त्रनिष्ठ वर्तन नव्हे. मात्र विचार करण्याची जी पद्धती त्यांनी दिली, ती कोणत्याही उपयोक्त्यास लावता येते.

आपल्याकडील शुष्क मांस

मांस वाळविणे ही काही पाकिटाबरोबर आलेली नवी कल्पना नाही. जामखेड हे मराठवाड्याच्या सीमेवरील पर्जन्यछायेतील गाव. या पट्ट्यात, विशेषतः दलित कुटुंबांत, मांसाच्या लांब पट्ट्या कापून त्या दोरीवर उन्हात वाळवीत आणि टंचाईच्या दिवसांसाठी जपून ठेवीत. त्यांना 'चान्या' म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. चान्या माणसांसाठी होत्या. त्या विस्तवावर भाजून किंवा कालवणात शिजवून खाल्ल्या जात. वाळविण्यानंतर पुन्हा अग्निसंस्कार होत असे, हा तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. श्वानास खाऊ देताना नेमकी हीच पायरी गळते.

संहिताकारांना शुष्क मांस परिचित होते. चरकसूत्रस्थानाच्या मात्राशितीय अध्यायात वल्लूर, म्हणजे सुकविलेले मांस, हे वाळलेल्या भाज्यांबरोबर गुरुत्वामुळे नित्य सेवन करू नये अशा द्रव्यांत गणले आहे. सुश्रुतांनीही शुष्क मांस गुरू व अरुचिकर मानले आहे. निषेध आहे तो अभ्यासाचा, म्हणजे नित्य सेवनाचा. प्रसंगोपात्त सेवन त्यांनी वर्ज्य ठरविलेले नाही.

आता आठ आयतने क्रमाने पाहू.

१. प्रकृती

प्रकृती म्हणजे द्रव्याचा स्वभाव. माष गुरू तर मुद्ग लघू, शूकराचे मांस गुरू तर एणाचे लघू, ही चरकांनी दिलेली उदाहरणे आपणांस पाठ आहेत. पाकिटावर 'शेळीचे मांस' एवढेच लिहिलेले असते. परंतु मांडीचे मांस, यकृत, फुप्फुस आणि गळा यांचा स्वभाव एक नव्हे. यकृतात जीवनसत्त्व 'अ' फार मोठ्या प्रमाणात असते आणि ते शरीरात साठते. रोज भरपूर यकृत घातल्यास कालांतराने हाडे व सांधे यांस अपाय होतो. गळ्याच्या भागास थायरॉइड ग्रंथी चिकटून येऊ शकते. ती वाळवून खाऊ घातल्यास श्वानाच्या रक्तात त्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. अमेरिकेत २०१७ मध्ये काही गोमांसयुक्त श्वानखाद्ये याच कारणास्तव बाजारातून परत मागविण्यात आली. भेसळ कसलीही नव्हती. तरी विकार झाला. म्हणून 'कोणत्या प्राण्याचे' याबरोबरच 'कोणत्या अवयवाचे' हेही विचारले पाहिजे.

२. करण

करण म्हणजे संस्कार. जल व अग्नी यांचा संयोग, शोधन, काल, पात्र इत्यादींनी द्रव्याचे गुण पालटतात. वाळविणे हा संस्कार आहे, पण तो पाक नव्हे, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. उन्हात किंवा मंद उष्णतेवर वाळविलेले मांस कोरडे झाले तरी आतून कच्चेच असते. ओलावा गेल्याने जंतूंची वाढ थांबते. ते सर्व मरतात असे नाही. साल्मोनेलासारखे जंतू ओलाव्याबरोबर उष्णतेलाही अधिक दाद देईनासे होतात, म्हणून आधी वाळवून मागून तापविण्यापेक्षा आधी शिजवून मग वाळविणे अधिक सुरक्षित. अमेरिकेच्या कृषी विभागाचा सुक्या मांसाविषयीचा सल्लाही हाच आहे : वाळविण्यापूर्वी कोंबडीचे मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस व इतर मांस ७१ अंश सेल्सिअस तापमानास न्यावे.

आमच्या भागात या आयतनाचे आणखी एक गंभीर कारण आहे. मेंढपाळांच्या वाड्यावर एखादे मेंढरू मेले किंवा कापले, की फुप्फुस-यकृत कुत्र्यापुढे टाकले जाते. त्या अवयवांत पाण्याच्या फोडासारख्या गाठी असल्यास त्या 'एकायनोकॉकस' या पट्टकृमीच्या असू शकतात. त्या खाल्लेल्या श्वानाच्या आतड्यात कृमी वाढतात, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती हाताला, भाजीला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात गेली की वर्षांनुवर्षे यकृतात व फुप्फुसात गाठ वाढत राहते. यालाच हायडॅटिड रोग म्हणतात. श्वान स्वतः बहुधा निरोगी दिसतो. रोग होतो घरच्या माणसास. म्हणून गाठी असलेला अवयव श्वानास कधीही न देता खोल पुरावा किंवा जाळावा. निरोगी दिसणारे यकृत-फुप्फुसही अर्धा तास खळखळ उकळल्यावाचून वाळवू नये.

३. संयोग

पाकिटावरील विधानाचे खरे सामर्थ्य या आयतनात आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. ज्या श्वानास अन्नाच्या असात्म्यतेने त्वचेची खाज किंवा अतिसार होतो, त्याच्या बाबतीत कोणते द्रव्य सोसत नाही हे शोधताना एकद्रव्यी खाऊचा चांगला उपयोग होतो. अनेक द्रव्यांचे मिश्रण दिले तर दोष कोणाचा हे कळत नाही. परंतु ज्यास कोंबडीच सोसत नाही, त्यास शुद्ध कोंबडीही सोसणार नाही, हे उघड आहे.

घरी खाऊ करताना मात्र संयोगाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. आपल्या स्वयंपाकघरात मांसाला मीठ, हळद, आले-लसूण लावण्याचा हात बसलेला असतो. कांदा व लसूण श्वानाच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. मनुका व द्राक्षे काही श्वानांच्या वृक्कास घातक ठरतात. आम्हां वैद्यांच्या दृष्टीने लसूण रसायन आणि मनुका सौम्य अनुलोमक. म्हणूनच आमच्याकडून या बाबतीत प्रमाद घडण्याचा संभव अधिक. श्वानाच्या खाऊत मीठ नको, मसाला नको, आणि 'गुणकारी' म्हणून कोणतेही चूर्णही नको.

४. राशी

राशीचे चरकांनी दोन भाग केले आहेत : सर्वग्रह, म्हणजे एकूण आहाराचे प्रमाण, आणि परिग्रह, म्हणजे त्यातील एकेका द्रव्याचे प्रमाण. श्वानाच्या खाऊविषयी आजच्या पशुवैद्यकांचा सर्वमान्य नियम परिग्रहाचाच आहे : दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी खाऊतून दहा टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत.

हा हिशेब मांडून पाहू. कच्च्या, चरबीविरहित मांसात सुमारे पाऊण भाग पाणी असते. १०० ग्रॅम मांस चांगले वाळविले की जेमतेम २८ ग्रॅम उरते. म्हणजे हातात आलेला लहानसा तुकडा मूळच्या साडेतीनपट मांसाचा असतो. प्राचीनांनी शुष्क मांसास गुरू का म्हटले, याची एक बाजू या साध्या हिशेबातही दिसते. मध्यम हालचाल करणाऱ्या १० किलो वजनाच्या प्रौढ श्वानास दिवसास सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. त्याचा दहावा भाग ६०. सुक्या कोंबडीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. म्हणजे अशा श्वानास दिवसाकाठी १५ ग्रॅम खाऊ पुरे. ५ किलोच्या श्वानास सुमारे ९ ग्रॅम आणि २० किलोच्या श्वानास सुमारे २५ ग्रॅम. वजन दुप्पट झाले म्हणून मात्रा दुप्पट होत नाही, हेही येथे दिसून येईल. मांस चरबीयुक्त असल्यास मात्रा याहून कमी ठेवावी.

खाऊ जेवढा दिला तेवढे जेवण कमी करावे, हे सांगण्यास विसरू नये. घरात पाच माणसे असतील आणि प्रत्येकाने कौतुकाने दोन-दोन तुकडे दिले, तर परिग्रह कोणाच्याच ध्यानात राहत नाही. म्हणून सकाळी दिवसाची मात्रा एका वाटीत काढून ठेवावी. वाटी संपली की खाऊ संपला.

५. देश

देश म्हणजे द्रव्याचे उत्पत्तिस्थान व संचाराचे क्षेत्र. मृत, कृश, अतिमेदस्वी, वृद्ध, अतिबाल, विषाने मेलेल्या आणि आपल्या स्वाभाविक क्षेत्राबाहेर पोसलेल्या प्राण्याचे मांस टाकावे, असा चरकांचा आदेश आहे. या आदेशाचा आजचा अर्थ गिधाडांनी आपणांस शिकविला. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृत शरीरात राही आणि ते मांस खाऊन गिधाडे वृक्क निकामी होऊन मरत. २००४ मध्ये हे कारण प्रकाशात आले आणि २००६ मध्ये आपल्या देशात या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली. प्राण्यास दिलेले औषध मांसात उतरते आणि खाणाऱ्यास भोवते, याचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

शुष्क मांसाविषयीही अशी एक घटना घडून गेली आहे. २००७ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे कोंबडी, बदक इत्यादींच्या सुक्या पट्ट्या खाऊन श्वान आजारी पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. यातील बहुसंख्य उत्पादने चीनमधून आयात केलेली होती. २०१५ च्या अखेरपर्यंत सुमारे ५,२०० तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांत ६,२०० हून अधिक श्वानांचा आणि १,१४० हून अधिक श्वानमृत्यूंचा उल्लेख होता. तक्रार म्हणजे सिद्ध झालेला कार्यकारणभाव नव्हे, आणि प्रदीर्घ तपास होऊनही नेमके कारण निश्चित झाले नाही. तथापि २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या तपासणीत अशा काही पट्ट्यांत प्रतिजैविकांचे अवशेष आढळले व ती उत्पादने मागे घेण्यात आली.

आपल्याकडे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. म्हणून माणसाच्या अन्नास लागू असलेली हमी श्वानाच्या पाकिटासही आहे, असे गृहीत धरू नये. निर्मात्याचे नाव, निर्मितीचा दिनांक, प्राण्याचा व अवयवाचा स्पष्ट उल्लेख यांवाचूनचे सुटे मांसखंड घेऊ नयेत. ओळखीच्या दुकानातील, माणसांसाठी विकले जाणारे ताजे मांस आणून घरी खाऊ करणे त्यापेक्षा बरे.

६. काल

काल दोन प्रकारचा : नित्यग, म्हणजे ऋतू, आणि आवस्थिक, म्हणजे विशिष्ट अवस्था. आमच्याकडील चैत्र-वैशाखाचे ऊन मांस झपाट्याने वाळविते, पण त्याच दिवसांत धूळ व माश्याही असतात. उघड्या दोरीवर वाळविलेल्या मांसावर त्या बसणारच. पावसाळ्यात हवेतील ओलावा सुक्या मांसात शिरून बुरशी येते. बुरशी खरवडून खाऊ देणे योग्य नव्हे; ते मांस टाकावे. घरी केलेला, मिठाविना वाळविलेला खाऊ घट्ट झाकणाच्या बरणीत घालून शीतकपाटात ठेवावा आणि दोन आठवड्यांत संपवावा.

आवस्थिक कालाचा विचार करता ज्वर, छर्दी, अतिसार असताना शुष्क मांस पूर्ण वर्ज्य करावे. अग्नी मंद असताना गुरू द्रव्य देऊ नये, हा आपला सामान्य नियम येथेही उपयोगी पडतो.

७. उपयोगसंस्था

उपयोगसंस्था म्हणजे सेवनाचे नियम, आणि पूर्वीचे अन्न पचल्याचे लक्षण पाहूनच पुढचे घ्यावे हा त्यांचा पाया. श्वानाच्या बाबतीत हे नियम पाळण्याची जबाबदारी खाऊ घालणाऱ्याची आहे. तुकडा करंगळीच्या पेरापेक्षा मोठा नसावा, कारण अनेक श्वान चावण्याऐवजी गिळतात. वाळविलेले किंवा शिजविलेले हाड कधीही देऊ नये. त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. खाऊ देताना माणसाने जवळ थांबावे. पिण्याचे स्वच्छ पाणी भरपूर असावे. धावून धापा टाकणाऱ्या श्वानास लगेच खाऊ देऊ नये.

यातील सर्वांत दुर्लक्षित नियम हात धुण्याचा. २०१९ मध्ये अमेरिकेत श्वानांसाठी विकल्या जाणाऱ्या वाळविलेल्या डुकराच्या कानांमुळे साल्मोनेलाची साथ माणसांत पसरली. तो खाऊ माणसांनी हाताळला होता, एवढेच पुरेसे ठरले. खाऊ दिल्यावर साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती तो देऊ नये. भाकरीच्या टोपल्याशेजारी खाऊची बरणी ठेवू नये.

८. उपयोक्ता

शेवटचे आयतन सर्वांत निर्णायक. ओकसात्म्य, म्हणजे सवयीने आलेली अनुकूलता, उपयोक्त्याच्या ठायी असते. श्वान मांसाहारी कुळातील असला तरी सहस्रावधी वर्षे माणसाच्या उंबऱ्याशी राहून तो पालटला आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, पिष्टमय अन्न पचविणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा श्वानात कितीतरी अधिक आहेत. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला आमच्याकडील राखणदार कुत्रा हे त्याचे घरचे उदाहरण होय. त्याची भाकरी एकाएकी बंद करून त्यास मांसावर ठेवणे म्हणजे सात्म्य तोडणे. नवा खाऊ नखाएवढ्या तुकड्याने सुरू करावा आणि आठवडाभर मलाकडे लक्ष ठेवून मग मात्रेपर्यंत न्यावा.

वाढत्या पिल्लाविषयी आमची चूक वर सांगितलीच आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. रक्तातील कॅल्शियम टिकविण्यासाठी शरीर ते हाडांतून काढून घेते, आणि हाडे मऊ होतात. म्हणून पिल्लाचे मुख्य अन्न समतोल असलेच पाहिजे. शुष्क मांस फार तर शिकविताना बक्षिसापुरते. वृक्काचा किंवा यकृताचा विकार, पूर्वी झालेला स्वादुपिंडाचा दाह व स्थौल्य असलेल्या श्वानांस पशुवैद्यकांच्या अनुज्ञेवाचून असा खाऊ देऊ नये.

घरी खाऊ करण्याची रीत

शेळी किंवा कोंबडीचे चरबी काढलेले मांस स्वच्छ धुतलेल्या सुरीने अर्ध्या सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्यांत कापावे. मीठ-मसाला न घालता पाण्यात उकळावे किंवा वाफवावे. मध्यभागी तांबूसपणा राहू नये आणि शक्य असल्यास तापमापकाने वर सांगितलेले अंश पाहावेत. मग पट्ट्या एकमेकींस न चिकटता जाळीवर पसरून विद्युत भट्टीत किंवा वाळवणयंत्रात ६० ते ६५ अंशांवर वाळवाव्यात. उन्हातच वाळवावयाच्या असल्यास काचेच्या झाकणाच्या सौर पेटीत वाळवाव्यात, उघड्या दोरीवर नव्हे. पट्टी वाकविताच तडकली आणि आत ओल दिसली नाही, म्हणजे ती तयार झाली.

पशुवैद्यकांकडे केव्हा पाठवावे

खाऊ सुरू केल्यानंतर उलट्या, जुलाब, खाण्याविषयी अनिच्छा, सुस्ती, किंवा वारंवार पाणी पिणे व वारंवार मूत्रप्रवृत्ती यांपैकी काही आढळल्यास खाऊ ताबडतोब बंद करावा, पाकीट जपून ठेवावे आणि श्वानास पशुवैद्यकांकडे न्यावे. अमेरिकेतील प्रकरणात काही श्वानांच्या मूत्रात शर्करा आढळली, परंतु रक्तातील शर्करा प्राकृत होती. दोष वृक्कात होता. केवळ मूत्रपरीक्षणावरून मधुमेह समजण्याचा मोह वैद्याने टाळावा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे. आपले काम आहारविषयक सामान्य उपदेश देणे, धोका ओळखणे आणि योग्य ठिकाणी पाठविणे, एवढेच.

उपसंहार

जामखेडचे नाव आरोग्यक्षेत्रात जगभर पोहोचले ते डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये येथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळे. गावातील अल्पशिक्षित स्त्रियांस साध्या भाषेत आरोग्याचे ज्ञान दिले तर त्या गावाचे आरोग्य पालटू शकतात, हे त्या कार्याने दाखविले. आपल्या उंबऱ्याशी थांबून कुत्र्याविषयी विचारणाऱ्या माणसास आपण जे सांगू, ते त्याच्या घरातील लहान मुलांच्या आरोग्याशीही निगडित आहे. आठ आयतनांची नावे त्यास सांगण्याचे कारण नाही. अवयव कोणता ते बघा, आधी शिजवा, मग वाळवा, मीठ-कांदा-लसूण घालू नका, वाटीत मोजून द्या, ओळखीच्या दुकानातून घ्या, पावसाळ्यात जपा, हात धुवा, पिल्लाला आणि आजारी कुत्र्याला विचारल्याशिवाय देऊ नका. एवढी आठ वाक्ये पुरेशी आहेत.

आमच्याकडे आता कोणी विचारले की, "डॉक्टरसाहेब, चालंल का?", तर आम्ही लगेच 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही. प्रथम कुत्र्याचे वय विचारतो, मग तो रोज काय खातो ते विचारतो, आणि मगच पाकीट हातात घेतो. वैद्यबंधूंनीही हाच क्रम ठेवावा, अशी नम्र सूचना करून हा लेख पूर्ण करतो.